जागलीचा गडी कमी करावा, तो असा

देशाचे गुप्तचर खाते सडपातळ करण्याची जबाबदारी उद्या तुमच्यावर येईल, अशी शक्यता कमी आहे. पण हल्ली कोणाच्या गळ्यात कोणते खाते पडेल याचा नेम राहिलेला नसल्यामुळे चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की एक गडी जागलीला असे. माचावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा बडवायचा, मधूनच बॅटरीचा झोत फिरवायचा आणि ओढ्याच्या बाजूने येणारी रानडुकरे परतवायची, एवढेच त्याचे काम. एका गुढीपाडव्याला सालगड्यांचे हिशेब चालू असताना आमच्या थोरल्या काकांनी विचारले, की गेल्या तीन वर्षांत डुकरांनी आपले नुकसान किती केले? कोणालाही आकडा सांगता आला नाही, कारण नुकसान झालेलेच नव्हते. "मग हा माणूस पैसे कशाचे घेतो?" असे म्हणून काकांनी त्याचा हिशेब चुकता केला. गुप्तचर खात्यातील कपातीचे सगळे तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आले आहे. झालेल्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी येतो. न झालेल्या नुकसानीचा पंचनामा आजवर कोणी केलेला नाही, तेव्हा त्या रकान्यात शून्य लिहून तुम्ही निर्धास्तपणे पुढे जावे.

कपात करताना कोणालाही हाकलून देऊ नये, ते असभ्य दिसते. त्याऐवजी सर्वांनाच राजीनाम्याचे निमंत्रण द्यावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीआयए या हेरसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांपुढे अशीच योजना ठेवली, की आता राजीनामा द्या आणि सप्टेंबरअखेरपर्यंतचा पगार घ्या. या योजनेतील खुबी अशी, की ती कोण स्वीकारतो हे तुम्हाला ठरवावे लागत नाही. ज्याला बाहेर चार ठिकाणी नोकरी तयार आहे, ज्याला चिनी किंवा फारसी उत्तम येते, दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याची विद्या ज्याच्या बोटांत आहे, तो माणूस पहिल्या आठवड्यात उठतो; आणि ज्याला बाहेर कोणी दारात उभे करणार नाही, तो देशसेवेच्या भावनेने खुर्ची सोडत नाही. चहा गाळून मोरीत ओतावा आणि चोथा कपात जपून ठेवावा, तसाच हा प्रकार असून आकड्यांच्या दृष्टीने त्यात काहीही उणे नाही.

नव्या भरतीच्या मुलांना काढणे त्याहून सोपे असते, कारण त्यांची नोकरी अजून पक्की झालेली नसते. मात्र ती कोण आहेत हे वरच्या कार्यालयाला कळवावे लागते. त्याच फेब्रुवारीत गेल्या दोन वर्षांत भरती झालेल्यांची यादी सीआयएने साध्या, गोपनीयतेचे कोणतेही कवच नसलेल्या ईमेलने रवाना केल्याचे तिथल्या वृत्तपत्रांनी छापले. खबरदारी म्हणून आडनावाचे फक्त पहिले अक्षर लिहिले होते. ही खबरदारी कितपत पुरेशी आहे, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, 'बापूराव क.' असे म्हटल्यामुळे गावात बापूरावांना कोणी ओळखले नाही, असे अजून घडायचे आहे. उद्या ज्याने वेषांतर करून परक्या शहरात वावरायचे, त्याच्या नावाची कोतवालाकडून आदल्या दिवशीच दवंडी पिटवून घेतली, म्हणजे पुढचा प्रवासखर्चही वाचतो.

आता खरी बचत जिथे आहे, त्या जागेकडे वळू. हेरखात्यातील कर्मचारी म्हणजे केवळ एक पगार नव्हे, तर त्याच्यामागे त्याचे खबरे असतात. आपल्या तालुक्याच्या ठाण्यातही हे पाहायला मिळते: जुना हवालदार बदलून गेला की बसस्थानकावरचा पानटपरीवाला, ढाब्यावरचा पोऱ्या आणि जनावरांच्या बाजारातला दलाल, हे सगळे एका रात्रीत मुके होतात. नवा हवालदार त्यांची नावे वहीत वाचू शकतो; पण ते वहीशी बोलत नसतात, ते त्या माणसाशी बोलत असतात, ज्याने एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नात आहेर केलेला असतो आणि दहा वर्षांत त्यांचे नाव ओठांवर आणलेले नसते. परदेशात, जिथे पकडले गेल्यास फाशी आहे, तिथे हा विश्वास किती वर्षांत तयार होत असेल याचा हिशेब तुम्ही करू नये. एक अधिकारी कमी केला की त्याच्याबरोबर पाच-सहा तोंडे आपोआप बंद होतात, आणि त्यांचा खर्चही. कौटिल्याने तीन हेरांच्या बातमीत एकवाक्यता आढळली तरच ती खरी मानावी असे सांगून ठेवले आहे, परंतु त्याच्या काळी कपातीचे शास्त्र प्रगत नव्हते. एकच हेर ठेवला तर मतभेदाचा प्रश्नच उद्भवत नाही.

गेलेला माणूस बाहेर जाऊन काय करतो, याची चिंता करणे हे आपले काम नव्हे. एडवर्ड ली हॉवर्ड नावाच्या तरुणाला सीआयएने मॉस्कोला पाठवण्यासाठी तयार केले, तिथल्या कामाची माहिती त्याच्या डोक्यात भरली आणि १९८३ मध्ये, निघण्याच्या ऐन तोंडावर, व्यसनाच्या व खोटेपणाच्या तक्रारींवरून घरी बसवले. त्याला ठेवून घ्यायला हवे होते असे नाही. अशा माणसाला काढणे योग्यच होते. पण नोकरी परत घेता येते, डोक्यातली माहिती परत घेता येत नाही. ती त्याने रशियनांना विकली, आणि सोव्हिएत विमानांच्या रडारची कागदपत्रे वर्षानुवर्षे अमेरिकेला पुरवणारा अभियंता अडोल्फ तोल्काचेव १९८५ मध्ये पकडला जाऊन पुढच्या वर्षी मृत्युदंडाला सामोरा गेला. हा परिणाम वाईट वागणूक असलेल्या एकट्या माणसाचा होता. चांगली वागणूक असलेली, घराचे हप्ते डोक्यावर असलेली शेकडो माणसे एकदम बाहेर काढली तर परकीय हेरखात्यांना उमेदवार शोधण्याचा त्रास उरत नाही, हा शेजारधर्म समजावा.

यावर कोणी शंका काढली, तर उपग्रहाचे नाव घ्यावे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे घेतले तरी चालते. सीआयएचे संचालक स्टॅन्सफिल्ड टर्नर यांचाही यंत्रांवर मोठा भरवसा होता. ३१ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांनी हेरगिरी करणाऱ्या शाखेतील ८२० पदे कमी करण्याचा निर्णय कळवला. ऑगस्ट १९७८ मध्ये त्याच संस्थेचा अहवाल म्हणत होता, की इराणमध्ये क्रांतीची परिस्थिती नाही, क्रांतिपूर्व परिस्थितीदेखील नाही. सहा महिन्यांत शहांची राजवट गेली आणि १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली. ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. या दोन गोष्टींचा थेट संबंध लावणे अन्यायाचे होईल, आणि मीही तो लावत नाही. उपग्रहाला तेहरानच्या मशिदींची छपरे स्वच्छ दिसत होती, एवढेच नोंदवतो. शीतयुद्ध संपल्यावर पुन्हा हात आखडता घेतला गेला आणि १९९५ मध्ये सीआयएच्या गुप्त कारवायांच्या प्रशिक्षणातून अवघे २५ उमेदवार बाहेर पडले. १० सप्टेंबर २००१ रोजी पकडलेल्या अरबी संदेशांचे भाषांतर १२ सप्टेंबरला झाले. काम झाले नाही असे कोणी म्हणू नये. ते दोन दिवसांत झाले.

आपल्याकडे मात्र या बाबतीत अमेरिकेकडून शिकण्यासारखे थोडेच आहे. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने 'रॉ'च्या खर्चाला आणि कामाला कात्री लावली, तिचे संस्थापक प्रमुख रामेश्वरनाथ काव यांना बाजूला व्हावे लागले. आणीबाणीनंतर त्या संस्थेविषयी संशय घेण्याचा सरकारला हक्क होता, पण संशय असलेल्या हाताला शिस्त लावण्यापेक्षा बोटे कमी करणे केव्हाही सोपे. पुढे आपण त्याहून शालीन पद्धत शोधली. आपण कोणाला काढतच नाही, फक्त जागा भरत नाही. २०१३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले होते, की गुप्तवार्ता विभागात, म्हणजे आयबीत, मंजूर सुमारे २६,८०० पदांपैकी ८,००० च्या आसपास पदे रिकामी आहेत. मराठवाड्यातील माणसाला यात नवल वाटणार नाही. एका तलाठ्याकडे चार सजांचा 'अतिरिक्त कार्यभार' असतो आणि तो नेमका उरलेल्या तीन सजांत असतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. हेरालाही तसाच अतिरिक्त कार्यभार द्यावा. सोमवार-मंगळवार पश्चिम सीमा, बुधवार-गुरुवार ईशान्य भारत, शुक्रवारी बैठक. तरीही काही राहिलेच तर मेंढपाळ आहेत. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलच्या डोंगरात घुसखोर आल्याची पहिली वर्दी आपल्या सैन्याला एका मेंढपाळाने दिली, तो आपले हरवलेले जनावर शोधत वर गेला होता. जनावरे हरवण्यावर खर्च येत नाही.

या विषयातला वारसा तर आपल्या घरचाच आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना देवगिरीचा किल्ला लागतो. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी उत्तरेतल्या कडा नावाच्या दूरच्या शहरातून निघून अचलपूरमार्गे या किल्ल्यापर्यंत घोडदळ घेऊन आला, तोवर रामदेवराय यादवांना पत्ता नव्हता आणि मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होते. चुलत्याशी, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाशी, बिनसल्यामुळे आपण राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला निघालो आहोत, अशी अफवा खिलजीने वाटेत सोडली होती आणि ती तपासून पाहायला कोणी नव्हते. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने पुढची हकिकत लिहिली आहे, की घाईघाईने किल्ल्यात घेतलेली धान्याची पोती उघडली तेव्हा आत मीठ निघाले. ज्या राज्याला शेकडो कोसांवरच्या सैन्याची बातमी नसते, त्याला स्वतःच्या कोठारातल्या पोत्याची तरी कुठून असणार? पण बचत झाली होती, हे मान्य करायला हवे.

कोणी म्हणेल, की खाते मोठे असले म्हणजे शहाणे असते असे नाही. इराकमधील शस्त्रांविषयीचा २००२ चा अमेरिकी अंदाज भरपूर माणसांनी मिळूनच चुकवला होता. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच धोक्याचा आहे, कारण तो मान्य केला तर कोणते टेबल फुकटचे आणि कोणते मोलाचे हे एकेक करून पाहावे लागेल. त्यात वर्षे जातात. त्यापेक्षा टक्केवारी जाहीर करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालकांच्या कार्यालयाने ४० टक्क्यांहून अधिक माणसे कमी करण्याची घोषणा करून वर्षाला ७० कोटी डॉलर वाचतील असे सांगितले. सगळ्या हेरसंस्थांनी एकमेकींशी बोलावे म्हणून ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हे कार्यालय मुद्दाम उभारलेले होते.

एवढे करूनही काही घडलेच, तर समिती नेमावी. समिती माणसे वाढवा असे सांगेल, आणि मग जाहिरात काढावी. माणूस तयार व्हायला किती काळ लागतो हे मात्र तिच्यात छापू नये. हवी तशी हेरशाखा उभी करायला अजून पाच वर्षे लागतील, असे सीआयएचे तेव्हाचे संचालक जॉर्ज टेनेट यांना २००४ मध्ये, म्हणजे हल्ल्याला अडीच वर्षे होऊन गेल्यावर आणि पैशाची ददात नसताना, चौकशी आयोगापुढे सांगावे लागले होते. घाई असेल तर काढलेल्या जुन्या माणसालाच दुप्पट मानधनावर सल्लागार म्हणून बोलवावे.

आमच्या काकांनीही पुढच्या हंगामात तेच केले. डुकरांनी दोन रात्रींत हुरड्यातली ज्वारी आडवी केली, तलाठ्याने रीतसर पंचनामा केला, आणि काका त्या गड्याच्या घरी स्वतः गेले. तो चहा पाजून नम्रपणे नाही म्हणाला. त्याने बांधापलीकडच्या शेताचे साल धरले आहे. रात्री त्या माचावरून त्याचा डबा वाजतो, तेव्हा डुकरे कोणत्या शेतात शिरणार हे त्याला आमच्यापेक्षा आधी कळलेले असते.