नाक घासून पिल्लू शिकत नाही

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की दोन-चार दिवसांत एक मेसेज हमखास येऊन पोचतो. कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, कधी सोसायटीच्या, तर कधी पिल्लू विकणाऱ्याकडूनच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. पिल्लाने घरात घाण केली तर त्याचं नाक त्यात घासा आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने एक ठेवून द्या. त्याला आपली चूक बरोबर कळते, विश्वास नसेल तर चेहरा बघा. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, तेव्हा घरात मालक कोण हे पहिल्याच आठवड्यात दाखवा, उताणं पाडून दाबून धरा. चावलं तर जबडा आवळा. पाणी मोजून द्या. रात्री रडलं तर ढुंकून बघू नका. आणि सगळ्या लसी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका. एवढं केलं की आठवड्याभरात पिल्लू सुधारतं, असा दावा.

रस्त्यावरून उचललेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत मी सांभाळते. त्यातली काही दिलेल्या घरून परत येतात, आणि या सल्ल्यावर वाढलेलं पिल्लू लगेच ओळखू येतं. आपण नुसता हात उचलला तरी ते फरशीला चिकटतं, आणि शू करायला सोफ्यामागे जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

सगळ्यात जास्त नुकसान नाक घासण्याने होतं. पिल्लाला एखादी गोष्ट आणि तिचा परिणाम यांचा संबंध लागतो तो एक-दोन सेकंदांपुरता. तुम्ही ऑफिसमधून आलात, हॉलमध्ये डबकं दिसलं, पिल्लाची मानगूट धरून तिथे नेलंत, तोवर त्याच्या लेखी ती शू कधीच संपलेली असते. त्याला कळतं ते एवढंच की दार उघडलं, माणूस आला आणि मार बसला. करतानाच पकडून मारलंत तर आणखी वाईट, कारण मग ‘माणसाच्या समोर शू करणं धोक्याचं’ हा धडा पक्का होतो. असं पिल्लू तुमच्यासोबत पट्ट्यावर अर्धा तास फिरतं, काही करत नाही, आणि घरात आल्यावर पडद्याआड जाऊन करतं. लोक म्हणतात, मुद्दाम करतो. तो मुद्दाम काही करत नाही. तुमच्यापासून लपायला तुम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्याकडे असंच शिकवलं आणि तो शिकला.’ हा मुद्दा गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला शू फार वेळ रोखून धरता येत नाही आणि सहा महिन्यांच्या पिल्लाला बऱ्यापैकी येते. मधल्या काळात तुम्ही मारलंत किंवा नाही मारलंत, मूत्राशयावरचा ताबा वाढणारच असतो. श्रेय मात्र वर्तमानपत्राच्या सुरळीला मिळतं.

मग करायचं काय? ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकतं, तेही स्वस्थ पडलेलं असेल तर. खेळात असेल तर अर्धा-पाऊण तासही पुरे होतो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात, दंगामस्ती झाल्यावर आणि निजण्याआधी, या चार वेळा चुकवायच्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर उचलूनच न्या. लिफ्टची वाट बघेपर्यंत त्याला दम धरवत नाही. रोज एकाच जागी न्या, पट्टा सैल सोडा आणि स्वतः गप्प उभे राहा. पिल्लू नीट बघितलं तर आधी कळतं: खेळता खेळता एकदम थांबतं, नाक जमिनीला लावून घाईघाईने हुंगू लागतं, एकाच जागी गोल फिरतं, मागचे पाय जरा फाकतात. ते उरकलं की त्याच क्षणी, तिथेच, खिशातला उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा तुकडा आणि शाबासकी. घरी येऊन खाऊ दिलात तर बक्षीस घरी येण्याचं झालं. आणि शू झाली की लगेच वर परतू नका, पाच मिनिटं हुंगू द्या. नाहीतर शू केली की फिरणं संपतं हे ते चटकन ताडतं आणि मुद्दाम रोखून धरायला लागतं.

घरात करताना दिसलं तर ओरडायचं नाही. अलगद उचलायचं, जागेवर न्यायचं, उरलेलं तिथे झालं तरी खाऊ द्यायचा. नंतर दिसलं तर फक्त पुसायचं.

पुसण्याचंही एक आहे. आपल्याकडे फिनाईल हा सगळ्यावरचा उपाय. पण फिनाईलच्या वासाने आपल्याला डाग गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला शूचा वास तिथे सापडतोच आणि ते पुन्हा तिथेच बसतं. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पिल्लू पाय चाटतं, आणि फिनाईल त्याला विषारी आहे. आधी जुन्या फडक्याने सगळं टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, मग प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनिया असलेलं काहीही नको, कारण त्याचा वास शूच्या जवळ जातो.

वर्तमानपत्र अंथरण्याचा सल्लाही सरसकट दिला जातो. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाची पायाखालच्या पृष्ठभागाची आवड ठरू लागते. मातीत जन्मलेलं गावठी पिल्लू माती दिसली की आपणहून बसतं, म्हणून ती पोरं बहुधा लवकर शिकतात. दुकानातल्या पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत दिवस काढलेलं पिल्लू, मग ते कितीही महागाचं असो, वेळ घेतं, आणि तो त्याचा दोष नसतो. कागदावर शिकवलंत तर ते कागद शोधणार. खाली पडलेला पेपर आणि मुलांची वही त्याला सारखीच. गॅलरीत सोय करायचीच असेल तर ट्रेमध्ये माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसात, पिल्लू दारातूनच मागे फिरतं तेव्हा, हा ट्रे फार उपयोगी पडतो.

आता चेहऱ्याची गोष्ट. कान मागे, डोळे चुकवलेले, शेपूट पोटाखाली: याला लोक अपराधीपणा म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासलं. मालक खाऊला तोंड लावू नको असं सांगून खोलीबाहेर जायचा. कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे परतलेल्या मालकाला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने काय केलं यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला का यावर होता. उलट काहीच न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तो जास्त ठळक दिसला. तो चेहरा म्हणजे ‘रागावू नका’ अशी विनवणी आहे. तिला कबुलीजबाब समजून आणखी मारणं हा त्या पिल्लावर उघड अन्याय आहे.

लांडग्याच्या मुद्द्याला शास्त्राचा मुलामा असल्याने तो शिकलेल्या लोकांनाही पटतो. त्याचं मूळ प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांत आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची ती निरीक्षणं होती. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ म्हणजे दांडगाईने कळपावर सत्ता गाजवणारा म्होरक्या, ही कल्पना घरोघरी नेली. मग याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत कित्येक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे हाणामारी करून गादी मिळवायची नसते. आपलंच पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि २०२२ मध्ये ते थांबलं. ज्यांनी कल्पना पसरवली त्यांनीच ती मागे घेतली, तरी आपल्या ग्रुपवर ती अजून फिरते आहे. आणि रानातल्या लांडग्यांचे नियम खरे असते, तरी हजारो वर्षं माणसाच्या दारात वाढलेल्या कुत्र्याला ते जसेच्या तसे लागू झाले नसते.

उताणं पाडून दाबण्याने काय होतं, हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत दिसतं. वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं गेलं होतं. मारणं-लाथाडणं करून पाहिलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनी आणि उताणं पाडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी सांगितलं की कुत्रा त्यावर अंगावर आला. हे कुत्रे मुळातच तक्रारीचे होते, हे मान्य. पण मेसेजमधला इलाज अशाच कुत्र्यांसाठी सुचवलेला असतो ना?

चावण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे घरच्यांचा धीर सुटतो. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, सुईसारखे. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून हात, पँटचा काठ, चपला, जे सापडेल ते तोंडात. जबडा आवळलात तर आपला हात ही भीतीची वस्तू होते. पुढे डॉक्टरला तोंड उघडून दाखवायचं, गोळी द्यायची, दात घासायचे, सगळंच अवघड होऊन बसतं. त्याऐवजी दात लागला की खेळ तिथेच थांबवा, हात गुंडाळून घ्या, गरज पडली तर अर्धा मिनिट दाराबाहेर जा. परत आलात की खेळणं तोंडात द्या. सुती फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवलेलं हिरड्यांना बरं वाटतं. फक्त चघळताना लक्ष ठेवा. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पिल्लू सैरभैर होऊन चावत सुटतं, ते बहुधा झोप कमी झाल्यामुळे. या वयात ते दिवसाचे अठरा तास सहज झोपतं. घरात पाहुण्यांचा राबता आणि मुलांचा गलका असला की ती झोप होत नाही. अशा वेळी शिकवायला जाऊ नका, अंधाऱ्या शांत कोपऱ्यात निजवा.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगते. रस्त्यावरून आणलेल्या किंवा लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसेल असं धरून चालू नका.

पाणी तोडण्याचा सल्ला मे महिन्यात नागपूर-जळगावकडे पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. पाणी कायम समोर हवं. नियमित ठेवायच्या त्या जेवणाच्या वेळा. वारंवार पातळ शी होत असेल तर आधी वाटीतलं दूध बंद करून बघा. दूध-पोळी ही आपली प्रेमाची रीत, पण गाई-म्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, आणि जुलाब लागलेल्या पिल्लाला कोण काय शिकवणार?

रात्रीच्या रडण्याचंही तसंच. कालपर्यंत ते आई-भावंडांच्या उबेत झोपत होतं. त्याला बाथरूममध्ये कोंडून रडू दिलं की ते गप्प होतं ते दमून. शिवाय त्या रडण्यात शू लागल्याची हाकही असते. तिच्याकडे कोणी बघत नाही हे कळलं की पिल्लू हाक मारणंच सोडतं. टोपली पलंगाशेजारी ठेवा. रडलं की न बोलता, दिवा न लावता जागेवर नेऊन आणा. पुढे टोपली हळूहळू दूर सरकवता येते.

लसीच्या मुद्द्यामागची भीती मात्र खरी आहे. पार्व्हो हा रोग पिल्लं मारतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. अनोळखी कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी लस पूर्ण होण्याआधी पिल्लू खाली सोडू नये हे बरोबरच. पण जगाची ओळख सहज स्वीकारण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं, आणि लसीचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर कोंडून ठेवलंत तर ते वय हातचं जातं. पशुवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे की पहिल्या डोसनंतर आठवड्याने पिल्लांना स्वच्छ, देखरेखीतल्या वर्गात न्यायला हरकत नाही. आपल्याकडे रस्ते वेगळे, म्हणून मार्गही वेगळा काढायचा: कडेवर घेऊन बाजारातून फिरवा, रिक्षात बसवा, लस झालेल्या कुत्र्याच्या घरी न्या, जिथे दुसरी कुत्री येत नाहीत अशा गच्चीवर सोडा. कुकरची शिट्टी, मिक्सर, छत्री उघडणं, काठी टेकत येणारे आजोबा, लांबून ऐकू येणारा ढोल, सगळं खाऊच्या संगतीने आणि लांबून. यातलं काहीच न पाहिलेलं पिल्लू दिवाळीत पलंगाखाली थरथरतं आणि भीतीने तिथेच शू करतं. मग पुन्हा त्याच मेसेजचा आधार घेतला जातो.

उरला आठवड्याचा दावा. बहुतेक पिल्लांवर चार ते सहा महिन्यांचं झाल्यावर भरवसा ठेवता येतो, काहींना वर्ष लागतं. शिकलेलं पिल्लू एकाएकी घरात, थोडं थोडं, वारंवार करू लागलं तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. संसर्ग असू शकतो. तुम्ही दारातून आत आलात की जे पिल्लू अंग चोरून जागच्या जागी शू सोडतं, ते घाबरतंय किंवा अतिआनंदात आहे. त्याच्याकडे न बघता आत जा, ते शांत झालं की बाजूला बसून, न वाकता, हात लावा. वयासोबत हे बहुधा आपोआप जातं. रागावलात तर वाढत जातं.