‘नुसतं रीकंपाइल करायचं’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

सोलापुरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: ओपन सोर्सचा, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला, कोड हातात असतो, तेव्हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकसाठी नुसता रीकंपाइल करायचा (त्याच कोडपासून तिथे चालणारी फाइल बनवायची), सगळीकडे एकाच तारखेला रिलीज करायचा, बग लोक शोधतील, आणि लायसन्सची कटकट नाही. कोड हातात असतो, एवढं खरं. पण या भरवशावर अक्कलकोट रोडच्या कारखानदारांना ‘गड्ड्याच्या (सोलापूरच्या जत्रेच्या) आधी देतो’ असा शब्द द्यायला काही जण निघालेत, म्हणून हे लिहितोय.

रीकंपाइलचं आधी बघू, कारण बाकीचा मेसेज त्यावरच उभा आहे. डिझाइनच्या फाइली ‘मोर चादर’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत असं धरा. लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट, बहुतेक यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या लिहिता येणारी पद्धत). सी भाषेतलं फाइल उघडायचं साधं फंक्शन, एफओपन, ती फाइल उघडतं. तोच कोड विंडोजसाठी कंपाइल करा, एकही एरर येणार नाही. मात्र तिथे एफओपन नाव वाचतं सिस्टिमच्या जुन्या कोडपेजप्रमाणे (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता), आणि देवनागरीसाठी लावता येईल असं कोडपेज तिथे नाही. फाइल डोळ्यांसमोर, प्रोग्रॅम म्हणतो सापडत नाही! विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमला स्वतःपुरतं यूटीएफ-८ मागता येतं. ऑफिसात अजून विंडोज ७ असेल तर तेही नाही. फाइल उघडणारी प्रत्येक ओळ बदलावी लागते. शिवाय इंग्रजी नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेल्या दोन फाइली लिनक्सवर सुखाने नांदतात, विंडोजवर एक दुसरीला गिळते. यातलं काहीच कंपायलर सांगत नाही. हे टेस्टिंगमध्ये सापडतं, आणि टेस्टिंगचे दिवस त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीत.

चित्रं काढायचा ओपन सोर्स प्रोग्रॅम इंकस्केप २००३ पासून आहे. मॅकवर एक्सक्वार्ट्झच्या (लिनक्स-युनिक्सच्या खिडक्या मॅकवर दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या) आधाराशिवाय चालणारी त्याची अधिकृत आवृत्ती मे २०२० मध्ये १.० सोबत आली, तीही ‘प्रीव्ह्यू’ असा शिक्का मारून. तो शिक्का मला फार आवडतो. मुख्य रिलीज अडलं नाही आणि मॅकवाल्यांची फसवणूकही झाली नाही.

‘एकच तारीख’ तर अनुभवी लोकही टाळतात. डेबियन या लिनक्समध्ये रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-प्रकारासाठीची आवृत्ती बरीच वर्षं मुख्य रिलीजच्या बाहेर, पोर्ट्सच्या वेगळ्या जागेत होती. २०२३ मध्ये ती अधिकृत झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये पहिल्यांदा स्थिर रिलीजमध्ये आली. त्यांच्याकडे याला कारण आहे: अधिकृत यादीतल्या एका आर्किटेक्चरवर (प्रोसेसर-प्रकारावर) आधी होणारं बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणं, मोडलं, तर ते पॅकेज सगळ्यांसाठीच पुढे सरकत नाही.

आणि तारीख आपल्या एकट्याच्या हातात नसते. विंडोजचा इन्स्टॉलर साइन करायचा, म्हणजे तो आपलाच आहे अशी डिजिटल सही करायची, तर जून २०२३ पासून त्या सहीची गुप्त की हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. म्हणजे ओळखपत्रांची तपासणी, मग बहुधा कुरिअरने येणारं टोकन. मॅकसाठी अ‍ॅपलचं नोटरायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम अ‍ॅपलकडून तपासून घेणं. ही कामं कोड लिहून होण्याची वाट न बघता पहिल्या आठवड्यात सुरू करावीत.

बग लोक शोधतील? शोधतील, पण दुरुस्त कोण करणार? मूळ लोक लिनक्सवर, त्यांच्याकडे विंडोजचं मशीन नाही. पोर्ट, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमसाठीची आवृत्ती, बहुतेक वेळा एका पोरावर चालतं, आणि तो पुण्याला नोकरीला गेला की बिल्ड बंद. दुसरा माणूस तयार नसेल तर तारीखच देऊ नये.

लायसन्सचं थोडक्यात. व्हिडिओ प्लेअर व्हीएलसी जानेवारी २०११ मध्ये आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवरून उतरलं, कारण त्याच्या जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सच्या अटी आणि स्टोअरच्या अटी जुळत नाहीत, ही तक्रार त्यांच्याच एका डेव्हलपरने केली होती. कोड लिहिणाऱ्यांच्या परवानग्या गोळा करून लायसन्स बदललं, तेव्हा जुलै २०१३ मध्ये ते परत आलं. आपल्या प्रोग्रॅममध्ये कोणकोणत्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरलेला तयार कोड) आहेत आणि कोणत्या लायसन्सच्या, ही यादी कारखानदाराला तारीख सांगायच्या आधी काढा.