घोटाळेबाजालाही अपील हवंच

शेअरच्या घोटाळ्यात शिक्षा झालेल्या कुणी वरच्या कोर्टात धाव घेतली, की आमच्या कोथरूडात सकाळच्या चहाला एकच सूर लागतो. "लोकांचे पैसे खाल्ले, आता अपील कसलं? परवानगीच देऊ नका!" बोलणाऱ्यांत माझे काकाही असतात. त्यांची निवृत्तीची पुंजी अशाच एका दलालाकडे अडकून बुडाली, म्हणून त्यांच्या रागाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मागणी मात्र मला मान्य नाही.

मुळात पहिल्या अपिलाला आपल्याकडे परवानगी लागत नाही. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं की उच्च न्यायालयात जाणं हा हक्क आहे, आणि मुदत 60 दिवस. 1992च्या रोखे घोटाळ्यानंतर खास कायदा झाला, त्यातही विशेष न्यायालयाच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील ठेवलंय. एरवी परवानगीचा प्रश्न येतो तो उच्च न्यायालयात हरल्यावर, घटनेच्या कलम 136खाली दिल्लीला जाताना.

हा हक्क कटाच्या खटल्यात तर जास्तच हवा. कट कुणी स्टँपपेपरवर करत नाही. चेकच्या तारखा, फोन, कोण कुणाच्या केबिनमध्ये बसला होता, यावरून तो ताडायचा. शिवाय कटातल्या एकाचं बोलणं-लिहिणं दुसऱ्याविरुद्ध वापरता येतं. म्हणजे सूत्रधाराबरोबर साहेबांनी सांगितलं म्हणून सही ठोकणारा कारकूनही आत जाऊ शकतो. मारुती उद्योगचे पैसे हर्षद मेहताकडे वळवल्याचं प्रकरण आठवा. 1999मध्ये शिक्षा झाली, 2003मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि त्याच कागदपत्रांवर तिथल्या तीन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. मेहता तोवर, 31 डिसेंबर 2001ला, कोठडीत असतानाच वारला होता. (आरोपी असा मध्येच वारला, तर जवळच्या नातेवाइकांना 30 दिवसांत अर्ज करून अपील पुढे चालवता येतं. तिथे मात्र परवानगी लागते!)

परवानगीवर सगळं टांगलं की काय होतं, ते इंग्लंडात बघा. टॉम हेझचा खटला शेअरचा नव्हे, लायबॉर या व्याजदरात फेरफार करण्याच्या कटाचा. 2015मध्ये 14 वर्षांची शिक्षा, अपिलात ती 11 झाली, पण सर्वोच्च न्यायालयात जायची परवानगी नाकारली. साडेपाच वर्षं आत काढून तो 2021मध्ये बाहेर आला. मग फेरतपासणी आयोगाने प्रकरण पुन्हा वर पाठवलं, अपील न्यायालयाने 2024मध्ये ते परत फेटाळलं, आणि जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. कारण काय, तर न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीच्या सूचना दिल्या होत्या. हा मुद्दा पहिल्या खटल्यापासून समोरच होता.

काकांचा खरा राग अपिलावर नाही, उशिरावर आहे. तो रास्त आहे. शिक्षेला स्थगिती मिळते, आरोपी जामिनावर घरी, आणि अपील वर्षानुवर्षं बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, येत नाही. पुणेकराला त्यासाठी पहाटे उठून डेक्कन क्वीन धरायची, मुंबईत फोर्टातल्या उच्च न्यायालयात दिवसभर बसायचं आणि नंबर न लागताच परतायचं. ऑगस्ट 2025पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. आर्थिक गुन्ह्यांच्या अपिलांना वेगळं बेंच द्या, अपिलासाठी खटल्याच्या कागदपत्रांचा संच, म्हणजे पेपरबुक, सहा महिन्यांत तयार करा, हे मागा ना! दार बंद करा म्हणून काय साधणार?

आणि एक गोष्ट काकांना माहीत नव्हती, त्यांच्या कट्ट्यावरही कुणालाच नव्हती. आरोपी सुटला तर पीडितालाही अपिलाचा हक्क आहे. सरकारला उच्च न्यायालयात त्यासाठी परवानगी मागावी लागते, पीडिताला ती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्येच सांगितलंय. कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरवलं किंवा भरपाई अपुरी दिली, तरी हा हक्क वापरता येतो. फक्त शिक्षा कमी वाटली म्हणून पीडिताला जाता येत नाही. ते काम सरकारचं.

काकांनी परवा वकिलांचा नंबर मागून घेतला.