बोंडल्याला शिळे उंडे (गोव्यातले पाव) नेऊ नका, द्यायचं तर पावती घेऊन द्या

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या बोंडल्याच्या झूबद्दल (प्राणिसंग्रहालयाबद्दल) एकच मेसेज मला तीन ग्रूपवर आला, शाळेच्या, देवस्थानच्या आणि आमच्या वाड्याच्या. थोडक्यात असा: "झू सरकारी आहे, तिथे पैसे देऊन उपयोग नाही, मधल्यामधे गायब होतात. त्यापेक्षा रविवारी मुलांना घेऊन बोंडल्याला जा, घरातले उरलेले उंडे, केळी, भाजी आपल्या हातानं प्राण्यांना घाला. पोपट, कासव सांभाळायला जड जात असेल तर झूला दान करा. दत्तक योजना म्हणजे श्रीमंतांचं फोटोचं काम." पुढे पाठवणारी माणसं चांगली आहेत, माझी मावशीसुद्धा त्यात आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी खायला घालायचं बोलतो, कारण त्यानं जीव जातो.

बोंडल्याला चितळांच्या कुंपणाजवळ मी स्वतः बघितलंय, एक कुटुंब पिशवीतून उंडे काढून जाळीवरून टाकत होतं, पोरं खूश, आणि वाऱ्यानं ती पातळ पिशवीच आत गेली. एक मादी लगेच हुंगायला आली. कीपर धावत आला, लांब काठीनं पिशवी ओढत ओढत जाळीपर्यंत आणली, मग उंड्यांचे तुकडे एकेक करून गोळा केले, त्यातले दोन तोवर खाऊन झाले होते. त्या माणसाला त्यानं हात जोडले, भांडला नाही. मला ते हात जोडणं अजून आठवतं.

चितळ, सांबर, आपला गवा रेडा हे सगळे रवंथ करणारे. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जंतू असतात, ते गवत नि पाला सावकाश आंबवतात. तिथे मैद्याचा पाव एकदम पडला की तेच जंतू भराभर ॲसिड करतात, मग जनावर रवंथ सोडतं, चारा सोडतं, मान टाकून बसतं, आणि जास्त गेलं असेल तर वाचत नाही. प्लास्टिक तर पचतही नाही, पुढेही सरकत नाही, तिथेच गोळा होऊन बसतं. आणि अजून एक गोष्ट जी फार लोकांच्या लक्षात येत नाही: प्राणी आजारी आहे हे कीपरला पहिल्यांदा कळतं ते उरलेल्या खाण्यावरून. काल सगळं खाल्लं, आज अर्धं ठेवलं, म्हणजे डॉक्टरला बोलवा. पण बाहेरून दहा लोकांनी पोट भरलं असेल तर त्यानं काय ओळखायचं? वाघ-बिबट्यांना बऱ्याच झूत आठवड्यातून एक दिवस मुद्दाम उपास असतो, तोही पोटासाठीच, उपाशी ठेवतात म्हणून हळहळू नका. आणि कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३८-जे, झूतल्या प्राण्याला खायला घालणं, त्रास देणं, आवारात कचरा टाकणं हा गुन्हा आहे. पुण्य म्हणून सांगताय ते मुळात गुन्ह्यात येतं.

आता पोपट-कासव. रानातला पोपट किंवा स्टार कासव घरात ठेवणंच बेकायदा आहे, म्हणजे दान करायचं ते तुमचं नाहीच. झूच्या गेटवर खोका ठेवून जाऊ नका, वनखात्याला फोन करा. बाहेरून आलेला प्राणी आधी वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर त्याचा रोग आतल्या सगळ्यांना. आणि लाल कानाचं ते बाजारातलं कासव देवळाच्या तळीत सोडणं हे त्याहून वाईट, ते परदेशी, आपल्याकडच्या कासवांचं खाणं नि जागा दोन्ही घेतं.

पैसे गायब होतात म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, तुम्ही कुणाच्या हातात दिले? रोख देऊन पावती न घेता आलात तर खरंच सांगता येणार नाही. बोंडला वनखात्याकडे आहे, रोजचा चारा आणि कीपरचा पगार सरकार देतं हे बरोबर, पण सरकारी आहे म्हणूनच तुम्हाला विचारायचा हक्क जास्त आहे. चेक किंवा ऑनलाइन द्या, खात्याच्या नावानं द्या, पावती घ्या, आणि कशासाठी ते पत्रात लिहून द्या, सावलीसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, पावसाळ्यात कीपरना रेनकोट-गमबूट, जे वनखात्याचं रेंज ऑफिस गरज म्हणून सांगेल ते. पुढे शंका आली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खाजगी ट्रस्टला असं विचारून बघा.

दत्तक योजनेत प्राणी तुमचा होत नाही, घरी नेता येत नाही, त्याच्या वर्षभराच्या किंवा काही महिन्यांच्या खर्चाचा वाटा तुम्ही उचलता. म्हैसूरचं झू १८९२ पासूनचं, तिथे अशी योजना कित्येक वर्षं आहे. लॉकडाऊनमध्ये तिकीटच बंद झालं, आणि जून २०२१ मध्ये एका कन्नड नटानं आवाहन केल्यावर साध्या लोकांनीसुद्धा कर्नाटकातल्या झूंमधले प्राणी दत्तक घेतले. वाघच घ्यावा लागतो असं नाही, पक्ष्यांची, लहान प्राण्यांची रक्कम बरीच कमी असते, वर्गातली तीस-चाळीस मुलं मिळून सहज भरतील. फोटोसाठी कुणी केलं तरी चारा खरा येतो, मला त्यात काही वाईट वाटत नाही.

वेर्णा, कुंडईतल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी एचआरला जरूर सांगा. कंपनी कायदा २०१३ नुसार ठराविक नफ्याच्या वरच्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजासाठीच्या कामांना, घालावे लागतात, आणि वन्यजीव, प्राणिकल्याण त्या यादीत आहे.

टॅक्सचं मेसेजमध्ये नाही पण सगळे विचारतात: प्रत्येक पावतीवर सूट मिळत नाही, देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असलेल्या संस्थेलाच, जुन्या टॅक्स रिजीममध्येच, आणि २,००० रुपयांवर रोख दिलं तर नाहीच. देण्याआधी विचारून घ्या.

या रविवारी जाणार असाल तर जा, तिकीट काढा, पाण्याची बाटली परत आणा आणि खाऊची पिशवी गाडीतच ठेवा. गुरुवारी मात्र बंद असतं.