वायर उपटून काय होतं आणि काय होत नाही

नमस्कार अनामित,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. डायल-अपवर, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट जोडताना, कॉम्प्युटरने आपला आपणच फोन लावू नये म्हणून 'नेव्हर डायल अ कनेक्शन' (कधीच डायल करू नका) हा पर्याय निवडा, असं मी लेखात लिहिलं होतं. तो निवडूनही तुमचा कॉम्प्युटर आपला आपणच फोन लावतो, म्हणून माझा लेख चुकीचा. त्यापेक्षा फोनची वायर उपटून ठेवावी, असं तुमचं म्हणणं. पहिलं अर्धं मान्य. इंटरनेट ऑप्शन्समधल्या 'कनेक्शन्स'पाशी मी लेख संपवला, तो तिथे संपवायला नको होता.

तो पर्याय इंटरनेट एक्सप्लोररला आवरतो. आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या प्रोग्रामचा संसार वेगळा. म्हणून आधी घड्याळ बघा. मोडेमची, म्हणजे फोनलाइनवरून नेट जोडणाऱ्या उपकरणाची, किरकिर दर अर्ध्या तासाने होते का? मग आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये 'जनरल' उघडा. दर ३० मिनिटांनी नवी मेल तपासायची खूण तिथे असते, ती काढा आणि तिच्याखाली 'डू नॉट कनेक्ट' निवडा. विंडोज सुरू होताच किरकिर होत असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारची चित्रं तपासा. अँटिव्हायरस, मेसेंजर, कुणीतरी अपडेटसाठी आसुसलेला असतो.

विंडोज एक्सपी असेल तर आणखी एक जागा आहे. 'रन'मध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा आणि यादीतली 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' ही सर्व्हिस डिसेबल करा. नाव नीट वाचा हं. तिच्याच शेजारी 'ऑटो' नसलेली जुळी बहीण बसलेली असते. मी घाईत तिला बंद केलं, मग हाताने डायल करूनही कनेक्शन मिळेना आणि दुपारभर मोडेमला शिव्या घालत बसलो.

आता वायर. ती काढल्याने डायल करणारा थांबत नाही, त्याला फक्त डायल टोन मिळत नाही. पडद्यावर ६८० क्रमांकाची एरर येत राहते, आणि रात्री घरी फोन करायला तुम्ही वायर लावलीत की तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. त्यापेक्षा कनेक्शनच्या चौकटीतली 'सेव्ह पासवर्ड'ची खूण काढून टाका. पासवर्ड नाही तर जोडणी नाही. विजा कडाडत असताना मात्र वायर जरूर काढा, मोडेम जळतात.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की बिलात कुणी न केलेला आयएसडी, म्हणजे परदेशी, कॉल आहे. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती! हे आउटलुकचं काम नव्हे. असल्या-तसल्या साइटवरून 'डायलर' नावाचा प्रोग्राम घुसतो आणि तुमच्या सर्व्हिस प्रोव्हायडरऐवजी परदेशातला महागडा नंबर फिरवतो. तो सापडून निघेपर्यंत वायर काढून ठेवा, इथे तुमचंच खरं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अर्ज देऊन आयएसडी बंद करून घ्या. नेटवर्क कनेक्शन्समध्ये तुम्ही न बनवलेलं एखादं कनेक्शन दिसतंय का, तुमच्या नेहमीच्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधला नंबर बदललाय का, ते बघा आणि मला कळवा. पासवर्ड मात्र इथे लिहू नका.