दोघंही 8.08, मग आपल्यालाच सिल्व्हर का?

अव्या आला तोच भांडायच्या मूडमध्ये. 2022 च्या कॉमनवेल्थमधला शुक्रवार, पावसाची भुरभुर, नळ स्टॉपजवळच्या आमच्या टपरीसमोरचा कठडा ओला म्हणून सगळे गाड्यांवर टेकलेले, आणि हा हेल्मेटसुद्धा न काढता सुरू, "लुटलं राव आपल्याला, दिवसाढवळ्या लुटलं बर्मिंगहॅमला, लांब उडीत."

"मध्यरात्रीनंतर झाली रे फायनल," मेधा म्हणाली.

"तेच ते. बहामाजचा नायर्न 8.08 मीटर, आपला श्रीशंकर 8.08, सेम टू सेम. तरी त्याला गोल्ड! बहामाज म्हणजे इंग्रजांच्या घरचेच ना."

"आणि आपण कोण होतो मग, जावई?" पक्या.

अव्याचं असं आहे की तो वर्षभर क्रिकेट सोडून काही बघत नाही आणि मेडल हुकलं की एका रात्रीत त्या खेळाचा एक्सपर्ट होतो. टोकियो ऑलिम्पिकला हाय जंपमध्ये बरोबरी झाली तेव्हा बार्शिम आणि तांबेरी दोघांना गोल्ड दिलंच होतं की, मग इथे काय धाड भरली, हा त्याचा हुकमाचा पत्ता. मेधा कॉलेजात लांब उडी मारायची, बालेवाडीच्या पिटमधली वाळू तिच्या बुटात असायची, तिच्यासमोर हा पत्ता टाकायचा म्हणजे कमालच.

"त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर लांब उडीत काय झालं ते फॉरवर्डमध्ये नाही आलं का? ग्रीसचा टेंटोग्लू 8.41, क्यूबाचा एचेवारिया 8.41. दुसरी बेस्ट उडी बघितली, ग्रीसवाल्याची 8.15, क्यूबावाल्याची 8.09, विषय संपला. हाय जंपला चुकलेल्या उड्या मोजूनही बरोबरी सुटली नव्हती, म्हणून पुढे खेळायचं की वाटून घ्यायचं हे त्या दोघांच्या हातात होतं. इथे सहा उड्या असतात बाबा. नायर्नची दुसरी 7.98, आपली 7.84. गोल्ड 8.08 ला नाही गेलं, 7.84 ला गेलं."

"पण वारा..."

"वाऱ्याचं तर नावच काढू नकोस. आपल्या पाठीत सेकंदाला दीड मीटरचा होता, त्याला उलट समोरून, किंचित का होईना."

अव्याने मग श्रीशंकरची चौथी उडी काढली. एका मिलिमीटरने फाउल म्हणे! इथे मात्र मेधा जरा गप्प झाली. मला विचाराल तर अख्ख्या चर्चेत अव्याचा एवढा एकच मुद्दा खरा होता, आणि तोही त्याला नीट मांडता आला नाही, मेधालाच मांडावा लागला. आधी उडी घ्यायच्या पट्टीच्या पुढे प्लॅस्टिसिन, म्हणजे मऊ मातीसारखं काहीतरी, असायचं, त्यात बुटाचा ठसा उमटला की लाल झेंडा. आता 2021 च्या नोव्हेंबरपासून रेषेवर उभी भिंत आहे असं धरायचं, पाय उचलताना बुटाचं टोक हवेत जरी त्या भिंतीपलीकडे गेलं तरी फाउल. "जुन्या नियमात वाचलाही असता कदाचित," ती म्हणाली, "पण नियम नायर्नलाही तोच होता ना."

"एक मिलिमीटर म्हणजे काय असतो गं, नखाएवढा पण नाही!"

"मागच्या महिन्यात इथेच सिग्नलला मामांनी तुझी पावती फाडली तेव्हाही तू हेच म्हणत होतास, चाक फक्त पट्टीला टेकलंय. अव्या, तुझं अख्खं आयुष्यच पट्टीच्या पुढे आहे."

पक्याच्या नाकातून चहा आला. त्यावरून गाडी गॅदरिंगच्या रस्सीखेचेवर गेली, तिथे अव्याने रस्सी मध्येच सोडली होती आणि आमची मागची फळी चिखलात, तो म्हणतो घाम होता हाताला, पक्या अजून म्हणतो ती समोरच्या टीममध्ये होती. कोण ते सगळ्यांना माहिती आहे.

अव्या चिडून म्हणाला, तुम्हाला देशाचं काही पडलेलंच नाही. मेधा म्हणाली, देशाचं सांगते, 1978 ला एडमंटनला सुरेश बाबूचं ब्राँझ, त्यानंतर पुरुषांच्या लांब उडीत कॉमनवेल्थचं पदक थेट काल. त्याचं कौतुक करायचं सोडून तू रडतोयस. रडायचं तर कार्ल लुईसने रडावं, 1991 ला टोकियोत त्याने 8.91 मारली, वारा जास्त होता पण स्पर्धेत धरतातच, आणि त्याच संध्याकाळी माइक पॉवेल 8.95 जाऊन आला. त्याआधी लागोपाठ 65 स्पर्धा हरला नव्हता माणूस.

"लुईसचं सोड, तू आता किती मारशील?"

हे म्हणायला नको होतं. मेधाने ग्लास पक्याकडे दिला, माझी एक चप्पल काढून घेतली, फुटपाथवर पावलं मोजत उलटी गेली आणि जिथून धावायचं तिथे चप्पल ठेवली, रनअपची खूण म्हणून. मी एका पायावर. टपरीवाले अण्णा ओरडले, अहो ताई, पाय मोडाल, ओलंय सगळं! अव्या ड्रेनेजच्या झाकणाला बोर्ड ठरवून अंपायरसारखा खाली वाकलेला, आणि ती दोन पावलं धावली असेल तेवढ्यात हा "फाउल!"

"अजून पोचले पण नाहीये मी!"

"नवीन नियम आहे, हवेत धरतात."

मग हसण्यातच पाऊस वाढला, उद्या अविनाश साबळेची स्टीपलचेस शर्यत कोणाकडे बघायची तेही ठरलं नाही. अण्णांनी हिशोब मागितला. अव्या म्हणाला, मागच्या वेळी मी दिले होते, पक्या म्हणाला, मी पण दिले होते. मेधा म्हणाली, बरोबरी झाली, आता दुसरे बेस्ट बघा, त्याच्या आधी कोणी दिले होते?

अव्याने किक मारली.