खुलासा : जर्मनीची तिसरी लीग विभागवार नाही

नेरूळ-सीवूड्सच्या फुटबॉलवाल्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: ‘जर्मनीची तिसरी लीग उत्तर-दक्षिण अशी विभागलेली आहे आणि पहिला येणारा कुठलाही संघ वर चढतो.’ पोरं हे खरं मानून वाद घालताहेत, म्हणून लिहितोय.

उत्तर-दक्षिण विभागणी २००८ पर्यंत होती. त्याच वर्षी ‘ड्रिटे लिगा’, म्हणजे आताची तिसरी लीग, सुरू झाली. संपूर्ण देशाची एकच लीग, २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. विभागवार आहे ती तिच्या खालची रेगिओनाललिगा. तळाचे चार संघ तिथे घसरतात. वरचे दोन थेट दुसऱ्या बुंडेसलिगात, म्हणजे वरच्या लीगमध्ये, जातात; तिसऱ्याला बढतीसाठी तिथल्या सोळाव्या संघाशी दोन सामने खेळावे लागतात.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. मोठ्या क्लबांचे राखीव संघ या लीगमध्ये खेळू शकतात, पण त्यांना बढती मिळत नाही. २०१९-२० मध्ये बायर्न म्युनिकचा दुसरा संघ चक्क पहिला आला, तरी जागचा हलला नाही. वर गेले ते वुर्झबुर्ग आणि ब्राउनश्वाइग, म्हणजे दुसरा आणि तिसरा. मला हा नियम रास्त वाटतो; छोट्या गावच्या क्लबची वाट त्याने मोकळी राहते.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.